आफ्रिकान्स भाषा, तिचे भाषक आणि पवित्र शास्त्र

शास्त्रवाचन : नहेम्या ८:१–८, प्रेषितांची कृत्ये २:१–११, इफिसकरांस पत्र २:११–२२

पाठाचा हेतू : तुच्छ लेखल्या गेलेल्या एका बोलीला देवाच्या वचनाने कोणती प्रतिष्ठा दिली, त्या प्रतिष्ठेचा पुढे गर्व कसा झाला आणि त्यातून मंडळीने काय शिकावे, हे पाहणे.



दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्यापुढे गांधीजींचा सत्याग्रह, नेल्सन मंडेलांचा दीर्घ कारावास आणि वर्णभेद या गोष्टी उभ्या राहतात. त्या देशातील आफ्रिकान्स ही भाषा गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा होती, एवढेच आपल्यापैकी बहुतेकांच्या कानी आलेले असते. हे अर्धेच सत्य आहे. २०११ च्या जनगणनेत त्या देशातील सुमारे एकोणसत्तर लाख लोकांनी आफ्रिकान्स ही आपली घरची भाषा असल्याचे नोंदवले, आणि त्यांपैकी गोऱ्यांपेक्षा इतरांची संख्या अधिक होती. ज्यांना तेथे मिश्रवर्णीय म्हणतात त्या समाजाची ही मायबोली आहे. तिच्या घडणीत आपल्या देशातून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचाही वाटा आहे. म्हणून या भाषेची कहाणी आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

१. भाषेचा जन्म

डच ईस्ट इंडिया कंपनीने यान फान रीबेक याच्या नेतृत्वाखाली १६५२ मध्ये केपच्या भूशिरावर ठाणे वसवले. हॉलंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला, मांस व पाणी मिळावे, एवढाच मूळ उद्देश होता. पुढे तेथे डच व जर्मन शेतकरी स्थायिक झाले. १६८८ मध्ये धर्मछळामुळे परागंदा झालेले फ्रेंच प्रॉटेस्टंट आले. मूळचे रहिवासी खोइखोइ लोक होतेच. आणि शेतात व घरात राबण्यासाठी कंपनीने व वसाहतवाल्यांनी गुलाम आणले.

हे गुलाम कोठून आले? १६५२ ते १८०८ या काळात सुमारे त्रेसष्ट हजार गुलाम केपला आणले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मादागास्कर, मोझांबिकचा किनारा, इंडोनेशियाची बेटे आणि भारतीय उपखंड हे त्यांचे चार उगम होते. सुमारे चतुर्थांश आपल्या उपखंडातले होते. कोचीन, पुलिकत, नागपट्टणम, बंगालमधील चिनसुरा येथे डचांच्या वखारी होत्या. आपल्या वेंगुर्ल्यालाही सतराव्या शतकात त्यांची वखार होती. गुलामाचे मूळ नाव पुसले जाई आणि त्याच्या नव्या नावापुढे त्याचा मुलूख लावला जाई : बंगालचा, मलबारचा, कोरोमांडलचा. बंगालची अँजेला ही अशीच एक स्त्री. १६६६ मध्ये तिला मुक्तता मिळाली, तिचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे एका स्वतंत्र गोऱ्या नागरिकाशी तिचा विवाह झाला. तिचे रक्त आज अनेक गोऱ्या आफ्रिकानर घराण्यांत वाहत आहे.

मालकाची डच, गुलामांची मलय व मोडकी पोर्तुगीज, खोइखोइंची स्वतःची भाषा, अशा सरमिसळीत स्वयंपाकघरात, गोठ्यात आणि द्राक्षमळ्यांत डचचे एक सुटसुटीत रूप तयार झाले. मालकाची मुले ते आयांच्या मांडीवर शिकली. सुशिक्षित लोक त्याला स्वयंपाकघरातील भाषा म्हणून हिणवीत. पण तीच आफ्रिकान्स होय.

२. शब्दांची साक्ष

शब्द हे मुके साक्षीदार असतात. विचारले तर बोलतात. आफ्रिकान्समध्ये कारागृहाला ‘त्रोंक’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. आपला ‘तुरुंग’ही त्याच पोर्तुगीज शब्दापासून आला, असे अभ्यासक सांगतात. गुरे हाकण्याच्या आणि माणसे झोडपण्याच्या कातडी आसुडाला तेथे ‘शांबोक’ म्हणतात; तो आपला फारसीतून आलेला ‘चाबूक’च, मलयमार्गे केपला पोहोचलेला. मुले सांभाळणाऱ्या बाईला ‘आया’ म्हणत, आणि हा शब्द तर आपणही जसाच्या तसा वापरतो. बिछान्याच्या खाटेला असलेला शब्द तमिळ ‘कट्टिल’पर्यंत मागे जातो. संत्र्यासारख्या एका फळाचे ‘नार्ची’ हे नावही तमिळमधून गेले, आणि ते उच्चारताच आपल्याला ‘नारिंग’ आठवते. लोणच्याला तेथे ‘अचार’च म्हणतात.

तुरुंग, चाबूक आणि आया : हे तीन शब्द एका ओळीत ठेवून पाहा. ज्यांनी हे शब्द केपला नेले त्यांच्या आयुष्याचा सारा इतिहास त्यात आहे. ज्या लोकांची नावेसुद्धा वहीत नीट लिहिली गेली नाहीत, त्यांचे उच्चार मात्र मालकांच्या जिभेवर कायमचे बसले. मिसर देशातील दास्यात इस्राएलाचा आक्रोश देवाने ऐकला, असे निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. असा आक्रोश कित्येकदा कोशातील शब्दांतूनही ऐकू येतो.

३. भाषेची ठेवण

आफ्रिकान्सचे व्याकरण अतिशय सुटसुटीत आहे. क्रियापद पुरुष किंवा वचन यांनुसार बदलत नाही. मी, तू, तो, आम्ही या सर्वांना एकच रूप चालते. नामांना लिंगभेद नाही. तो, ती, ते यांच्या घोळात मराठी शिकणारा परका माणूस वर्षे घालवतो. आफ्रिकान्स शिकणाऱ्याची त्यातून सुटका होते. निषेधार्थी वाक्यात मात्र ‘नी’ हा नकार बहुधा दोनदा येतो : एकदा क्रियापदापाशी आणि एकदा वाक्याच्या शेवटी.

काही लकबी मराठी वाचकाला घरच्या वाटतील. आपण ‘ठिकठिकाणी’, ‘हसतहसत’, ‘भरभर’ म्हणतो; आफ्रिकान्समध्येही शब्दाची अशी द्विरुक्ती होते. ‘प्लेक’ म्हणजे ठिकाण आणि ‘प्लेक-प्लेक’ म्हणजे ठिकठिकाणी. डचमध्ये ही सवय नाही. ती मलयकडून आली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. वडीलधाऱ्या अनोळखी पुरुषाला ‘ऊम’ आणि स्त्रीला ‘तानी’ म्हणजे काका, काकू म्हणून हाक मारतात. आईशी बोलताना ‘तू’ न म्हणता, आई चहा घेणार का, असे तिसऱ्या पुरुषी विचारतात. तेथील बायबलमध्ये देवालाही आदरार्थी सर्वनाम आहे. मराठी भक्तीने मात्र देवाला ‘तू’ म्हणण्याची जवळीक राखली आणि आपल्या भाषांतरकारांनी तीच स्वीकारली. एकाने आदर जपला, दुसऱ्याने सलगी. पित्याच्या ठायी दोन्हींना जागा आहे.

४. मेंढीच्या कातड्यात जपलेला नवा करार

या भाषेच्या प्रदेशातील सुवार्तेचा आरंभ एका खोइखोइ स्त्रीच्या नावाशी जोडलेला आहे. मोरेव्हियन मिशनरी गेऑर्ग श्मिट १७३७ मध्ये केपला आला. त्याने १७४२ मध्ये ज्या मोजक्या लोकांना बाप्तिस्मा दिला त्यांत वेहेटगे तिकुई ही एक होती. तिचे नाव माग्दालेना ठेवले गेले. लोक तिला लेना म्हणत. खोइखोइंना बाप्तिस्मा दिला म्हणून केपच्या डच पाळकांनी हरकत घेतली आणि १७४४ मध्ये श्मिटला परतावे लागले. जाताना त्याने लेनाला डच भाषेतील नवा करार दिला.

मोरेव्हियन सेवक पुन्हा आले ते थेट १७९२ मध्ये. मध्ये सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे लोटली होती. वृद्ध लेना तेथेच होती. तिने तो नवा करार मेंढीच्या कातड्यात गुंडाळून जपून ठेवला होता, आणि आपल्या लोकांना ती त्यातून शिकवीत आली होती. त्या ठिकाणाला पुढे गेनाडेन्डाल, म्हणजे कृपेची दरी, असे नाव पडले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मंडेलांनी १९९५ मध्ये केपटाउनमधील आपल्या अधिकृत निवासस्थानाला हेच नाव दिले. मिशनरी नसताना, पाळक नसताना, इमारत नसताना एका स्त्रीने वचन जपले. ते तिच्या मायबोलीत नव्हते, तरीही जपले.

५. भाषांतराचा प्रवास

केपच्या चर्चमध्ये वाचले जाणारे बायबल १६३७ चे डच भाषांतर होते. एकोणिसाव्या शतकापर्यंत ती भाषा सामान्य माणसाच्या बोलण्यापासून फार दूर गेली होती. पार्ल येथील हॉलंडमधून आलेला शिक्षक आर्नोल्डस पानेविस याला याची खंत वाटली. विशेषतः मिश्रवर्णीय लोकांना डच शास्त्र कळत नाही, हे त्याने ओळखले. त्याने १८७२ मध्ये वृत्तपत्रातून आफ्रिकान्स बायबलची मागणी केली आणि १८७४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीला विनंती केली. सोसायटीने नकार दिला. ही धेडगुजरी बोली छापून टिकवावी, असे तिला वाटले नाही.

१८७५ मध्ये पार्ल येथे आफ्रिकान्सच्या पुरस्कर्त्यांनी एक संस्था स्थापन केली आणि दुसऱ्या वर्षी त्या भाषेतील नियतकालिक सुरू केले. तिच्यातील एस. जे. दु टॉइ यांनी उत्पत्ती, मत्तय इत्यादी पुस्तकांची भाषांतरे १८९० च्या दशकात प्रसिद्ध केली. मात्र केपच्या मुस्लिम समाजाने त्याआधीच आपल्या मदरशांतून अरबी लिपीत आफ्रिकान्स लिहिण्यास आरंभ केला होता. अबू बकर एफेंदी यांचा धर्मविधींवरील ग्रंथ अरबी लिपीतील आफ्रिकान्समध्ये १८७७ मध्ये इस्तंबूल येथे छापला गेला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमी लिपीत छापले गेले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. लिपी अंगरखा आहे; भाषा त्याच्या आतील देह.

आफ्रिकान्सला १९२५ मध्ये देशाच्या राज्यकारभाराची भाषा म्हणून मान्यता मिळाली. तत्पूर्वी १९२२ मध्ये चार शुभवर्तमाने व स्तोत्रे चाचणीसाठी छापली गेली होती. ती फसली, आणि ती का फसली हे प्रत्येक भाषांतरकाराने ध्यानात ठेवावे असे आहे. ते काम जुन्या डच भाषांतरावरून ओळीला ओळ लावून केलेले होते. शब्द आफ्रिकान्स होते पण वाक्य डचच राहिले होते. पुढे जे. डी. दु टॉइ, केस्टेल, फान रूयेन, फूरी व केत या पाच विद्वानांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून नव्याने काम केले आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. १९८३ मध्ये नवे भाषांतर झाले आणि २०२० मध्ये आणखी एक.

येथे मराठी वाचकाला १९२२ या वर्षाची दुसरी आठवण होईल. त्याच वर्षी ५ एप्रिलला पंडिता रमाबाई प्रभूकडे गेल्या. इब्री व ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमधील साध्यासुध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आणण्याचे काम त्यांनी मृत्यूपूर्वी पुरे केले. ते १९२४ मध्ये छापून झाले. पानेविसला केपच्या शेतमजुराची काळजी होती, रमाबाईंना मुक्तीतील अनाथ मुलींची. चांगल्या भाषांतराचा प्रारंभ ग्रंथालयात होत नाही. वचन ऐकूनही न समजलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे कोणीतरी कळवळ्याने पाहते, तेथे तो होतो. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लेव्यांनी नियमशास्त्र वाचून लोकांना त्याचा अर्थ समजावून दिला, तेव्हा लोक रडले. समजल्यावाचून कोणी रडत नाही.

६. प्रतिष्ठेचा गर्व झाला तेव्हा

कथा येथे संपती तर किती बरे झाले असते! पण सत्य सांगितले पाहिजे. ज्या बोलीच्या लेखी बायबलची मागणी मुख्यतः मिश्रवर्णीयांसाठी झाली, ती गोऱ्या राष्ट्रवादाने आपल्या एकट्याची संपत्ती ठरवली. डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनॉडने १८५७ मध्येच, काही गोऱ्या सभासदांच्या दुर्बलतेसाठी म्हणून, प्रभुभोजनाला निराळे बसण्यास मुभा दिली होती. सवलत म्हणून दिलेली गोष्ट रूढी झाली. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी स्वतंत्र मंडळी निघाली. १९४८ नंतर वर्णभेद हाच राज्याचा कायदा झाला. १९४९ मध्ये गोऱ्यांना गोरेतरांशी विवाह करण्यास बंदी झाली. बंगालच्या अँजेलाच्या गोऱ्या वंशजांना, तिच्यासारख्या स्त्रीशी लग्न करणे आता गुन्हा होता.

याहून दुःखाची गोष्ट अशी की या सर्वांना शास्त्राधार शोधला गेला. बाबेलच्या बुरुजाच्या वृत्तांतावरून, देवानेच राष्ट्रे व भाषा निराळ्या केल्या, म्हणून त्या निराळ्याच राहाव्यात, असा अर्थ काढला गेला. १९७४ च्या सिनॉडच्या अहवालातही असा युक्तिवाद आढळतो. बाबेलनंतर पेंटेकॉस्ट आहे, हे विसरले गेले. पेंटेकॉस्टच्या दिवशी भाषा नाहीशा झाल्या नाहीत. प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, पण सर्वांनी एकच गोष्ट ऐकली आणि सर्व एका मंडळीत आले.

काळ्या विद्यार्थ्यांना गणित व सामाजिक विषय आफ्रिकान्समधून शिकण्याची सक्ती झाली, तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनचा देह उचलून धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र जगभर पोहोचले. पुढील महिन्यांत शेकडो जीव गेले. शास्ते पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या उतारावर ‘शिब्बोलेथ’ हा एक शब्द नीट उच्चारता न आल्याने एफ्राइमी मारले गेले. भाषा प्रेमाचे वाहन राहिली नाही की ती नाक्यावरची तपासणी होते.

परंतु याच भाषेत पश्चात्तापाची वाणीही उमटली. बायर्स नॉदे हा आफ्रिकानर पाळक. आपल्या मंडळीत मानाचे स्थान असताना त्याने वर्णभेदाचा निषेध केला, १९६३ मध्ये पाळकपद सोडले आणि १९७७ पासून सात वर्षे सरकारी निर्बंध सोसले. १९८२ मध्ये मिश्रवर्णीयांच्या मंडळीने बेलहार येथे एक विश्वासपत्र तयार केले आणि १९८६ मध्ये ते स्वीकारले. मंडळीचे ऐक्य, समेट आणि न्याय हे त्याचे तीन विषय. ते आफ्रिकान्समध्येच लिहिलेले आहे. ज्या भाषेत भिंत बांधली गेली, त्याच भाषेत ती पाडण्याची हाक निघाली.

७. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

भाषांतराच्या मेजावर नेहमी भेटणारा एक प्रश्न येथे उपयोगी पडतो. ग्रीकमध्ये किंवा आफ्रिकान्समध्ये प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणारा वगळून आम्ही. ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यासह सर्व. म्हणून पौल जेथे जेथे हे सर्वनाम वापरतो, तेथे मराठी भाषांतरकाराला थांबून विचारावे लागते : ऐकणारा आत आहे की बाहेर? प्रभूच्या प्रार्थनेत आपण पित्याला ‘आमच्या’ म्हणतो, ते योग्यच आहे. पण इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने यहूदी व विदेशी यांच्यामधील आडभिंत पाडली असे पौल सांगतो, तेव्हा शब्दयोजना कोणतीही असो, अर्थ ‘आपण सर्व’ हाच आहे. तेथे ऐकणाऱ्याला बाहेर ठेवले तर ती सुवार्ताच उरत नाही.

वर्णभेदाच्या मंडळीने तिच्या भाषेतील एकाच शब्दाचा अर्थ शतकभर ‘आम्ही’ असा लावला. बेलहारने त्याचा अर्थ ‘आपण’ असा वाचला. व्याकरणाची ही बारीक रेघ वाटते, पण तिच्यावर माणसांचे जीव टांगलेले होते.

८. आपल्यासाठी बोध

केपटाउनमध्ये आपल्याकडील माणसेही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान तेथे जाऊन दुकानदारी करू लागले. घरी कोकणी बोलणाऱ्या या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांनी आफ्रिकान्स व इंग्रजी आपलीशी केली. स्थलांतराच्या तिसऱ्या पिढीत घरची बोली कशी विरत जाते, हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना निराळे सांगावयास नको. बंगळुरातील जे. पी. नगरासारख्या वसाहतीत सारक्कीच्या बाजारात जाऊन येईपर्यंत कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी आणि हिंदी एवढ्या भाषा कानावर पडतात. बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले ते १६३८ च्या सुमारास, म्हणजे केपचे ठाणे वसण्याआधी थोडीच वर्षे. तेव्हापासून दक्षिणेत रुजलेल्या मराठीत कन्नड व तमिळ शब्द मिसळले. पुण्याकडील माणूस ती ऐकून हसतो. पेत्राच्या गालीली उच्चारावरून यरुशलेमेच्या अंगणातील लोकांनी त्याला ओळखले, हे मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. प्रभूने मात्र याच उच्चाराच्या माणसाला पेंटेकॉस्टच्या दिवशी उभे केले.

यावरून तीन गोष्टी मनात धराव्यात.

पहिली : कोणतीही बोली देवाच्या वचनासाठी हीन नाही. अहिराणी, वारली, डांगी किंवा मिश्र मराठी बोलणारा भाऊ उपासनेत प्रार्थना करतो, तेव्हा त्याचे व्याकरण नव्हे, त्याची प्रार्थना ऐकावी.

दुसरी : ज्या भाषेला प्रभूने उंचावले, तिने दुसऱ्या भाषेच्या मानेवर पाय ठेवू नये. आपल्या मंडळ्यांत मराठी टिकावी यासाठी झटणे योग्य आहे. पण शेजारच्या कन्नड किंवा तमिळ विश्वासणाऱ्याला त्यामुळे परके वाटू लागले, तर आपलाही ‘आपण’ हळूहळू ‘आम्ही’ होत आहे असे समजावे.

तिसरी : लेनाप्रमाणे वचन जपावे. मुलांना मराठी वाचता येत नसेल, तर रोज दहा ओव्या मोठ्याने वाचून त्यांना ऐकवाव्यात आणि अर्थ त्यांना समजेल त्या भाषेत सांगावा. लेव्यांनी नेमके हेच केले.

प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात सिंहासनापुढे सर्व राष्ट्रांचे, वंशांचे व भाषा बोलणारे लोक एकत्र उभे आहेत. तेथे बंगालची अँजेला असेल, लेना असेल, केडगावच्या मुली असतील. त्या कोणत्या भाषेत गातील हे योहानाने सांगितले नाही. त्या एकत्र गातील एवढे मात्र सांगितले आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाच्या बोलण्याच्या ढबीला हसले जाते? त्यामुळे कोणी मोठ्याने प्रार्थना करणे सोडले आहे काय?

२. उत्पत्ती ११ व प्रेषितांची कृत्ये २ हे अध्याय शेजारी ठेवून वाचा. भाषांच्या विविधतेविषयी दोन्हींत मिळून कोणती शिकवण मिळते?

३. १८५७ मध्ये ‘दुर्बलांसाठी’ दिलेली सवलत पुढे नियम झाली. आपल्या मंडळीत जात, गाव किंवा भाषा यांबाबत अशी कोणती सवलत रूढी होऊन बसली आहे?

४. आपल्या घरातील पुढच्या पिढीला शास्त्र कोणत्या भाषेत समजते? त्यासाठी या आठवड्यात आपण काय कराल?